पंख्यावरचं नाव आणि केडगावच्या मुली

आमच्या चर्चमधल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर कुणाचं तरी नाव आहे. "कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ, कुटुंबीयांकडून सप्रेम भेट." बाकांवर आहे, पेटीच्या खोक्यावर आहे, बाहेरच्या पाण्याच्या टाकीवर तर चार नावं आहेत कारण चार भावांनी मिळून दिली आणि कुणाचं नाव वर यावरून म्हणे त्यांच्यात वर्षभर बोलणं बंद होतं. पंख्याची गंमत अशी की तो फिरत असला की नाव दिसत नाही, लाईट गेली की दिसतं, आणि लाईट गेली की लोक वैतागूनच वर बघतात. म्हणजे मेलेल्या माणसाची आठवण कधी निघणार तर घामाच्या धारा लागल्यावर. (हे मी महिला मंडळात बोलले तर दोघीतिघींनी डोळे वटारले. असो.)

विषय निघायचं कारण असं की पाळकसाहेबांनी तरुण संघाच्या रिट्रीटला मला अर्धा तास दिलाय, विषय "आपण मागे काय ठेवून जाणार". पोरं सगळी विशीतली, कुणी आयटीत, कुणी डिप्लोमा करतंय, दोघी नर्सिंगला. त्यांच्या डोक्यात ईएमआय आणि लग्न, आणि मी त्यांना मेल्यानंतरचं सांगणार. नोट्स काढायला बसले आणि त्या इतक्या लांबल्या की म्हटलं सगळंच लिहून टाकू.

खरं सांगायचं तर या विषयावर मला एकच बाई आठवते, पंडिता रमाबाई, आणि त्याला कारण घरचं आहे. माझ्या आईची आजी, म्हणजे माझी पणजी, रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार मुलीबायकांच्या आश्रमात, वाढली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुलींपैकी ती एक. तिकडे त्याला छप्पनियो म्हणतात, विक्रम संवत 1956 म्हणून. तिला स्वतःचं गाव माहीत नव्हतं, आईबापांची नावं माहीत नव्हती, वय अंदाजानं लिहिलेलं. तिला एवढंच आठवायचं की आल्या आल्या तिचे केस भादरले, उवा आणि फोड झाले होते म्हणून, आणि ती त्यावरून खूप रडली, भुकेनं नाही, केसांसाठी. माझी आजी हे सांगताना नेहमी हसायची आणि मला लहानपणी त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

रमाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत असतं. संस्कृत यायचं, विधवांसाठी काम केलं, ख्रिस्ती झाल्या, इथे बहुतेकांची गाडी थांबते. पण मुक्ती का झालं हे कळायचं तर आधीचं माहीत पाहिजे. 1858 चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांची बोलणी खाल्लेले. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. मग दुष्काळ आला, होतं नव्हतं ते संपलं, पुराण ऐकायला कुणाकडे वेळ नाही आणि दक्षिणा द्यायला कुणाकडे दाणा नाही. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची लाज. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय की वडील पाण्यात उडी घेऊन जीव द्यायला निघाले होते. 1874 मध्ये वडील गेले, आई गेली, पुढे बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, आणि ही दोन पोरं हिंदुस्थानभर पायी फिरली. झेलम नदीच्या काठी एवढी थंडी होती आणि अंगावर घालायला काही नव्हतं म्हणून वाळूत खड्डे करून त्यात झोपायचे, डोकं बाहेर ठेवून बाकी अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची.

मला हा प्रसंग पुढच्या सगळ्या पदव्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, मोठमोठ्या सभा झाल्या, ते सगळं छानच. 1880 मध्ये बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, तेही जातीबाहेर, आणि दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, सरकारनं शिक्षणाच्या चौकशीला नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली की बायकांना शिक्षिका पाहिजेत, डॉक्टरणी पाहिजेत. मग 1883 मध्ये इंग्लंड, तिथे वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे मठातल्या जोगिणींकडे, राहून बाप्तिस्मा. पुण्यात बोंबाबोंब. जोतीराव फुल्यांनी मात्र आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली, हे फार जणांना माहीत नसतं.

आता इथे एक गोष्ट. आम्ही ख्रिस्ती लोक रमाबाईंचं ख्रिस्ती होणं फार गोडगोड करून सांगतो. तसं ते नव्हतं. बाई बाप्तिस्मा घेऊनही कुणाच्या ओंजळीनं पाणी प्यायली नाही. इंग्लंडमधल्या सिस्टर्सशी पत्रातून वाद घालायची, तुमची शिस्त मी का पाळू, मला पटेल तेच मानीन, असं सरळ लिहायची. शाकाहार शेवटपर्यंत सोडला नाही, पांढरं लुगडं सोडलं नाही. आज आमच्या चर्चमध्ये अशी बाई आली तर तिला महिला मंडळाची सेक्रेटरीसुद्धा कोण करणार नाही, पक्कं सांगते.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथेच राहून भाषणं देत फिरल्या, पुस्तक लिहिलं, त्यातून बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिनं दहा वर्षं खर्चाची हमी घेतली. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. अट अशी की धर्म शिकवायचा नाही, ज्या मुलीला सोवळं पाळायचंय तिनं पाळावं.

आणि वाद झाला तो एका दारावरून. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करायच्या आणि दार लावायच्या नाहीत. मुली यायच्या, बसायच्या. कुणी बोलवलं नाही, कुणी हाकललं नाही. त्यातल्या काहींना ते आवडायला लागलं. 'केसरी'त टीका सुरू झाली, 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर होतं. कोवळ्या विधवा पोरी, जगात कुणी विचारत नाही, आणि ज्या बाईनं जवळ घेतलं ती रोज सकाळी डोळे मिटून कुणाशी तरी बोलते, तर त्या पोरी जाऊन बसणारच. हे रमाबाईंना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, त्या काही भोळ्या नव्हत्या. पण मग त्यांनी काय करायचं, स्वतःच्या घरात देवाचं नाव चोरून घ्यायचं? आणि पुण्यातल्या मंडळींचा राग खरा होता तरी त्या रागाच्या आधी त्या पोरींसाठी त्यातल्या कितीजणांनी घराचं दार उघडलं होतं हेही विचारायला पाहिजे. सुधारकांनाही आणि सनातन्यांनाही.

तर त्या शारदा सदनात पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव होतं गोदूबाई नातू. कोकणातली बालविधवा. तिचा भाऊ नरहरपंत जोशी आणि धोंडो केशव कर्वे हे मित्र. कर्व्यांची पहिली बायको वारलेली, त्यांना लग्न करायचं तर विधवेशीच करायचं होतं, आणि 1893 मध्ये, सदनावर गदारोळ चालू असतानाच्याच वर्षी, गोदूबाईंशी त्यांचं लग्न झालं. मुरुडला त्यांच्या गावानं बहिष्कार टाकला. ह्याच पुढे बाया कर्वे. आणि 1896 मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो हिंगण्याला गेला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ झालं, पुढे ठाकरसींच्या देणगीनंतर त्याचं एसएनडीटी झालं, 1958 मध्ये कर्व्यांना भारतरत्न. कर्व्यांनी आश्रम काढतानाच ठरवलं होतं की इथे मुली हिंदूच राहतील, म्हणजे रमाबाईंच्या वाटेनं पण रमाबाईंचा धर्म वगळून. बाया ख्रिस्ती झाल्या नाहीत. रमाबाईंना त्याचं वाईट वाटलं असेल का, वाटलं असेलही, त्यांचा विश्वास कडक होता. पण माझी मावशी एसएनडीटीची बीए आहे, आणि तिला बीए करणारी जी साखळी आहे तिचं एक टोक त्या सदनात आहे, हे तिला वयाच्या साठीपर्यंत माहीत नव्हतं. तिला काय, तिथे शिकणाऱ्या कुणालाच बहुतेक माहीत नसतं. आणि नसलं तरी काही अडत नाही, हेच मला त्या पोरांना सांगायचंय.

आता केडगाव. रमाबाईंनी तिथे शंभरेक एकर माळ घेतला होता, फळबाग करू, त्यातून सदनाचा खर्च निघेल म्हणून, कारण अमेरिकेची हमी दहाच वर्षांची होती. विहिरी खणल्या, झाडं लावली. तोवर 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात लोक मरतायत असं कळल्यावर या तिकडे गेल्या. त्यांनी लिहिलंय की स्वतःचे उपासमारीचे दिवस डोळ्यांपुढे आले. म्हणजे परत तीच झेलमची वाळू. कणव वगैरे शब्द मला इथे पुरे वाटत नाहीत, बाई स्वतः त्या खड्ड्यात झोपलेली होती, तिला त्या पोरी म्हणजे 'मीच' असं दिसत होतं. तीनशेच्या आसपास मुलीबायका आणल्या. पुण्यात ठेवायच्या तर 1897 चा प्लेग, अधिकाऱ्यांनी बंदी घातली, एवढी गर्दी शहरात चालणार नाही. मग काय, नेल्या सगळ्यांना केडगावच्या उघड्या माळावर, तंबू आणि झोपड्या ठोकून. त्याच प्लेगमध्ये सरकारी दवाखान्यात बायकांशी कसं वागतात यावर रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती पेपरात खरमरीत पत्र लिहिलं, गव्हर्नरला खुलासा करावा लागला, विलायतेत पार्लमेंटपर्यंत प्रश्न गेला. साहेबाच्या धर्मात गेली म्हणून साहेबाची बाजू घेतली नाही.

1900 मध्ये गुजरातचा दुष्काळ, तेव्हा माझी पणजी आली, आणि मुक्तीत दोन हजाराच्या आसपास माणूस झाला. दोन हजार! रोज दोन वेळा. आमच्याकडे नाताळच्या प्रीतिभोजनाला तीनशे माणसं असली तरी आचारी आणि कमिटीत मारामारी होते. विणकाम, तेलाची घाणी, गोठा, शेती, धोबीकाम, शिवण, सगळं मुलीच करायच्या. ज्यांना समाजानं वाईट म्हणून टाकलं अशा बायकांसाठी कृपा सदन काढलं. आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन, मनोरमेनं अमेरिकेत ब्रेल शिकून येऊन त्यांना वाचायला शिकवलं.

आणि छापखाना. माझी पणजी छापखान्यात होती. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायची. इंग्रजीचं बरं असतं, थोडी अक्षरं, देवनागरीला काना मात्रा वेलांट्या जोडाक्षरं सगळ्यांचे वेगळे खिळे, खिळ्यांच्या पेटीत शेकडो खण, आणि ते सगळे न बघता हाताला पाठ पाहिजेत. खिळा उलटा असतो, ओळ उलटी जुळते, तर वाचायची सवयही उलटी. आजी सांगायची की म्हातारपणी पणजोबा पेपर वाचायला बसले की पणजी समोर तांदूळ निवडत बसायची आणि त्यांच्या हातातला पेपर पलीकडून उलटा वाचून त्यांच्या आधी बातमी सांगून टाकायची. ते चिडायचे. आमच्या घरात पणजीचा फोटो एकच आहे आणि तो धूसर आहे, पण ही गोष्ट मात्र माझ्या चुलतभावंडांच्या पोरांपर्यंत पोचलीय.

त्या छापखान्यात जे काम चाललं होतं ते म्हणजे रमाबाईंचं बायबल. त्यांचं म्हणणं होतं की तेव्हाचं मराठी बायबल जड आहे, संस्कृत शब्दांनी भरलेलं, खेड्यातल्या बाईला कळत नाही. म्हणून ही बाई, संस्कृतची पंडिता, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि मूळ भाषांतून साध्या मराठीत सगळं बायबल एकटीनं उतरवायला बसली. पंधरा-सोळा वर्षं ते काम चाललं. छपाई, बांधणी सगळी मुक्तीच्या मुलींची. 1921 च्या जुलैत मनोरमा वारली, चाळिशीतच, एकुलती एक, जिच्यावर सगळं सोपवायचं ठरलं होतं ती. रमाबाई त्यानंतरही प्रुफं तपासत होत्या. त्यांनी देवाजवळ काम पुरं करण्यापुरते थोडे दिवस मागितले आणि शेवटचं प्रूफ संपलं तशा त्या गेल्या असं सांगतात. 5 एप्रिल 1922. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 मध्ये.

आणि ते आज जवळजवळ कुणी वाचत नाही.

हे मी जरा हळू लिहिते कारण मला ते बोचतं. आमच्या आजीच्या ट्रंकेत त्याची एक प्रत होती, पानं पिवळी, कडा खाल्लेल्या, मधे कुठेतरी निलगिरीची पानं घातलेली. त्यातली भाषा वाचली की कुणीतरी ओट्यापाशी उभं राहून सांगतंय असं वाटतं. पण चर्चमध्ये शास्त्रपाठ होतो तो बायबल सोसायटीच्या बायबलातून, तोंडपाठ केलेली वचनं त्यातली, लग्नात भेट देतात ते तेच. रमाबाईंचं अभ्यासकांकडे आणि जुन्या ट्रंकांत. म्हणजे बाईनं आयुष्याची शेवटची ताकद, हिब्रू-ग्रीकची सगळी मेहनत, ज्यात घातली आणि जे आपलं मुख्य काम मानलं ते बाजूला राहिलं, आणि जे आधी करायचं ठरवलंच नव्हतं, फळबागेच्या माळावर तंबू ठोकून केलेलं, ते मुक्ती मिशन आजही चालू आहे, शंभर वर्षं उलटून गेली तरी, निराधार बायका आणि मुलं आजही तिथे आहेत.

आणि ज्याची त्यांना कल्पनाही नसेल असंही काही गेलं. 1905 मध्ये मुक्तीत मोठं संजीवन झालं, म्हणजे विश्वासाची नवी लाट, रिव्हायवल, मुली रात्ररात्र प्रार्थना करायच्या. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्रॅम्स या अमेरिकन बाईनं त्याबद्दल पुस्तिका लिहिली, ती आपल्या एका जुन्या मैत्रिणीला पाठवली जी चिलीमध्ये मिशनरीची बायको होती, आणि 1909 मध्ये चिलीत जी पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी, चळवळ सुरू झाली तिच्या इतिहासात केडगावचा उल्लेख येतो. दक्षिण अमेरिकेत! आमच्या पणजीच्या बरोबरीच्या पोरी रात्री रडत प्रार्थना करत होत्या त्याचा धागा तिकडे निघतो. शिवाय 1989 मध्ये पोस्टानं रमाबाईंचं तिकीट काढलं, आणि शुक्र ग्रहावरच्या एका विवराला 'मेधावी' नाव आहे ते त्यांच्यावरून. शुक्रावर कोण जाऊन वाचणार आहे देव जाणे.

आता कुणीतरी म्हणणारच, म्हणतातच, फेसबुकवर मला दोनदा तरी ऐकवलंय, की दुष्काळात धान्य देऊन बाटवलेले तुम्ही लोक. यावर आमचे काही लोक लगेच भांडायला उठतात. मी नाही उठत. कारण प्रश्न अगदीच खोटा नाही. पाच-सहा वर्षांची पोर, तिला कुठे निवड होती? तिला जेवण मिळालं, अंथरूण मिळालं, नाव मिळालं आणि त्याबरोबर ख्रिस्त मिळाला, ती काय तुलनात्मक अभ्यास करून आली नव्हती. शारदा सदनात निदान धर्म शिकवायचा नाही अशी अट होती, मुक्ती मात्र उघड उघड ख्रिस्ती होतं, रमाबाईंनी ते कधी लपवलं नाही. आर्य समाजानंही त्याच दुष्काळांत अनाथ मुलं गोळा करायला सुरुवात केली, मिशनऱ्यांकडे जाऊ नयेत म्हणून, आणि ती मुलंही वाचली, तेही चांगलंच झालं. माझं म्हणणं एवढंच की पणजी ज्या रस्त्यावर पडली होती त्या रस्त्यावर त्या दिवशी जी बैलगाडी आली ती मुक्तीची होती. दुसरी कुणाची आली असती तर मी आज दुसऱ्या कुठल्या देवाला हात जोडत असते, आणि कुणाचीच आली नसती तर हे लिहायला मी नसते. विश्वास पुढे पणजीनं स्वतःचा केला, आजीनं स्वतःचा केला, मी अजून करतेय, काही दिवस जमतं काही दिवस नाही.

पणजीनं मागे काय ठेवलं म्हणाल तर इस्टेट शून्य. मुक्तीतूनच नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती शिक्षकाशी लग्न लावून दिलं, पाच मुलं, त्यातली तीन जगली. पण एक पद्धत ठेवली. घरी कुणीही आलं, पाहुणा असो की भांडी विकणारी की वाट चुकलेला, आधी पाय धुवायला गरम पाणी, लांबून आला असेल तर आंघोळीचं, मग जेवण, आणि त्याचं पोट भरल्याशिवाय "तुम्ही कुठले, कुणाचे" विचारायचं नाही. विचारलं तर आजी डोळ्यानं दटवायची. मुक्तीत नवीन मुलगी आली की हाच क्रम असायचा म्हणे, आधी पाणी, मग अन्न, मग रजिस्टर. घरात कुणी कधी याला सेवा वगैरे म्हटलं नाही, बायबलचं वचन चिकटवलं नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये आईचं घर हायवेला लागून, तिथून मजुरांचे तांडे चाललेले सगळ्यांनी पाहिलेत. गावातली मंडळं खिचडीची पाकिटं वाटत होती, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, फोटो. आईनं काय केलं तर गोठ्याच्या मागे जिथे जुनी न्हाणी होती तिथे दोन जुन्या साड्या बांधल्या, बंब पेटवला, साबणाच्या वड्या अर्ध्या अर्ध्या कापून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि बायकांना हाक मारून आत घ्यायला लागली. खिचडी घ्यायला पुरुष पुढे यायचे, इथे फक्त बायका. काहीजणी तर आठ-दहा दिवस चालत होत्या, त्यात कुणाची पाळी आलेली, कुणी ओली बाळंतीण. एक बाई आत गेली ती बाहेर यायलाच तयार नाही, आई बाहेरून विचारतेय बरी आहेस ना, ती आतून म्हणते थोडा और पानी दो अम्मा. आईला हिंदी धड येत नाही, तिला पाणी एवढं कळलं. दोन सोसायटीवाल्यांनी येऊन कोरोनाबद्दल झापलं, आईनं ऐकून घेतलं आणि बंबात लाकूड सारलं. तिचं वय तेव्हा एकाहत्तर, मी फोनवर ओरडत होते अगं तुला काही झालं म्हणजे, तर म्हणाली, "आपल्याकडे आधी पाणी असतं."

तिनं मुक्तीचं नाव घेतलं नाही. मला वाटतं तिच्या डोक्यातही तेव्हा मुक्ती, रमाबाई काही नव्हतं. त्या बायकांना तर आईचंसुद्धा नाव माहीत नाही. त्या बिहारला गेल्या की छत्तीसगडला तेही कळायचा मार्ग नाही.

म्हणून मी पाळकसाहेबांना म्हटलं की अर्धा तास बोलण्यापेक्षा पोरांना सरळ केडगावला नेऊ. त्यांनी आधी "बघू" म्हटलं, ज्याचा अर्थ सहसा नाही असा असतो, पण दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला की किती सीटर गाडी लागेल. तुम्हाला जायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, केडगाव दोन आहेत, नगरला लागून एक आहे ते नाही, हे दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेवरचं. सोलापूर रोडनं आलात तर चौफुल्याला वळायचं. तिथे रिक्षावाल्याला नुसतं केडगाव म्हणाल तर तो नारायण महाराजांच्या बेटावरच्या दत्ताला नेऊन सोडेल, तेही बघा, पण मिशन वेगळं. आणि दुसरं, आत मुली आणि बायका राहतात, ते त्यांचं घर आहे, पर्यटनस्थळ नाही, त्यामुळे आधी कळवून परवानगी घेऊनच जा आणि पोचल्या पोचल्या मोबाईल काढून मुलींचे फोटो काढत सुटू नका. आमच्या तरुण संघाला हे मी ग्रुपवर आत्ताच टाकून ठेवलंय, तीन जणांनी अंगठा दाखवलाय, बाकीच्यांनी अजून बघितलेलंही नाही.